लायसन्स नसताना मित्राबरोबर हरणाच्या शिकारीला जाताना: अमेरिकेतल्या मराठी माणसासाठी

नोव्हेंबर संपत आला की पेनसिल्वेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन या भागांत ऑफिसं अर्धी रिकामी होतात. थँक्सगिव्हिंगची सुट्टी असतेच, पण बऱ्याच जणांचं खरं कारण हरणं. विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि पाच लाखांहून जास्त माणसं रानात उतरतात. पेनसिल्वेनियात १९६३ पासून थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा मुहूर्त होता. २०१९ मध्ये तो शनिवारवर आणला, तरी त्या सोमवारी सुट्टी देणाऱ्या शाळा अजून आहेत. अशा दिवसांत शेजारी किंवा टीममधला कुणीतरी सहज म्हणतो, "चल की आमच्याबरोबर. बंदूक माझी, लायसन्स माझं. तू नुसता मदतीला ये."

मेख आहे ती या 'नुसता मदतीला' मध्ये. अमेरिकेत शिकारीचं लायसन्स बंदुकीसाठी नसतं, शिकार करण्यासाठी असतं. आणि शिकार कशाला म्हणायचं हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यात ठरवतं. त्यामुळे बंदुकीला हातही न लावता तुम्ही कायद्याच्या नजरेत शिकारी ठरू शकता. हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. भारतातल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणं येतं, गोळी कुणी झाडली हा त्यापुढचा प्रश्न. फक्त इथे अशा पन्नास व्याख्या आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकतर रिकाम्या हाताने, निव्वळ बघायला जा, नाहीतर रीतसर लायसन्स काढून जा. या दोन्हींच्या मधे जी 'थोडीशी मदत' असते, तिथेच लोक अडकतात. पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय. आपल्या लोकांसाठी पहिली पायरी हरणाची नाहीच.

पायरी १: आधी स्वतःचा व्हिसा बघा

फेडरल कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. यात एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे आले. दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी आलेले, बी-२ वरचे आई-बाबासुद्धा आले. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना हे कलम लागू नाही.

या बंदीला जे अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे गंमत बघा: लायसन्सवाला एच-१बी माणूस रायफल हातात धरू शकतो, आणि 'मी काय शिकार करणारच नाहीये' म्हणून लायसन्स न काढलेला त्याचा रूममेट तीच रायफल धरून गुन्हा करून बसतो. ती त्याच्या हातात सोपवणारा मित्रही अडचणीत येऊ शकतो. शिक्षा किरकोळ नाही. २०२२ च्या कायद्याने कमाल तुरुंगवास १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेला. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, मग त्याच्याकडे ग्रीन कार्ड असलं तरीही.

'एवढ्या तेवढ्यावरून कोण पकडतंय' असं वाटत असेल तर रेहाइफ खटला आठवा. स्टुडंट व्हिसावर आलेला एक तरुण फ्लोरिडातल्या विद्यापीठातून काढला गेला, त्यामुळे त्याचं स्टेटस संपलं. पुढे तो शूटिंग रेंजवर गेला, तिथलीच भाड्याची बंदूक घेऊन गोळ्या झाडल्या, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०१९ मध्ये कोर्टाने ती शिक्षा उलटवली, कारण आपण बेकायदा राहतोय हे त्याला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध करायला हवं होतं. तुमचा व्हिसा कुठला हे मात्र तुम्हाला पक्कं माहीत असतं. त्या निकालाचा आधार तुम्हाला फारसा मिळणार नाही.

बंदूक जवळ बाळगणं म्हणजे ती विकत घेणं नव्हे. मिनिटभर हातात धरली तरी सरकारी वकील त्याला ताबा म्हणू शकतो, आणि तुमच्या ताब्यातल्या गाडीच्या डिकीत असली तरीही म्हणू शकतो. रानात असे क्षण ठरलेले असतात, म्हणून ते आधीच ओळखून ठेवा.

पहिला क्षण मचाणाचा. मित्र झाडावरच्या ट्री स्टँडवर चढायला लागतो आणि म्हणतो, "जरा धर रे, वर गेलो की दे." हे मुळात सुरक्षिततेच्या नियमातही बसत नाही. बंदूक रिकामी करून, नळी जमिनीकडे राहील अशी दोरीला बांधायची, सुरक्षेचा पट्टा अडकवून वर चढायचं आणि मग दोरीने ती ओढून घ्यायची, हे हंटर एज्युकेशनच्या वर्गात प्रत्येकाला शिकवतात. दोरी सोबत आहे ना, एवढं तुम्ही आदल्या रात्री विचारा.

दुसरा क्षण काटेरी तारेच्या कुंपणाचा. एकाने बंदुका धरायच्या, दुसऱ्याने ओलांडायचं, ही वर्गात शिकवलेलीच पद्धत आहे, त्यामुळे मित्राचा हात सवयीने तुमच्याकडे येणार. पण एकट्या शिकाऱ्यासाठीही रीत आहे: गोळ्या काढायच्या, बोल्ट उघडा ठेवायचा, बंदूक तारेखालून पलीकडे जमिनीवर सरकवायची, नळी आपल्यापासून दूर, आणि मग खांबापाशी कुंपण ओलांडायचं. मित्राला सांगा, आज तू एकटाच आलायस असं समज.

तिसरा क्षण कुणाच्या लक्षातच येत नाही. "माझी सॅक घेशील का?" सॅकेत काडतुसांची पेटी असते, आणि कायद्यात बंदुकीइतकीच काडतुसंही मोजली जातात.

धनुष्यबाण आणि क्रॉसबो या फेडरल बंदीत येत नाहीत. राज्याचा शिकारीचा कायदा मात्र त्यांनाही लागू असतो.

आणि फोटो. मित्राची रायफल खांद्यावर घेऊन इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो म्हणजे तुम्ही स्वतः तारीखवार तयार केलेला पुरावा. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, अटक झाली नसली तरी तुम्ही कधी गुन्हा केला आहे का, असा सरळ प्रश्न असतो. असं काही आधीच घडून गेलं असेल, तर तो अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसू नका.

पायरी २: राज्याची व्याख्या शब्द न् शब्द वाचा

प्रत्येक राज्याची शिकारीच्या नियमांची पुस्तिका फुकट मिळते, ऑनलाइनही असते. ती चांगली असते, पण तो सारांश असतो. व्याख्या मूळ कायद्यात असते आणि ती वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यात 'हंट', 'टेक', 'पर्स्यू', 'असिस्ट' आणि 'ड्राइव्ह' हे शब्द शोधा.

पेनसिल्वेनियाची व्याख्या सगळ्यात लांब हात पसरणाऱ्यांपैकी आहे. पाठलाग करणं, माग काढणं, आवाज काढून बोलावणं, दबा धरून बसणं, हे सगळं शिकारीत येतं. वर या कामात दुसऱ्याला मदत करणं किंवा त्याच्याशी संगनमत करणं हेही येतं. तिथे "मी फक्त काठी घेऊन झुडपं हलवत होतो" हा बचाव नसून कबुली आहे.

न्यूयॉर्कही तसंच. जनावराला उठवणं, त्रास देणं, हैराण करणं, मग ते हाती लागो न लागो, आणि दुसऱ्याला शिकार मिळवून देण्यासाठी केलेली मदतीची प्रत्येक कृती, अशी व्याख्या आहे. पण त्यातच एक उपयोगाची फट आहे. कायदेशीरपणे ताब्यात आलेलं जनावर या व्याख्येतून वगळलंय. मेलेलं हरीण ओढायला मदत करणं वेगळं आणि जिवंत हरणामागे धावणं वेगळं, याचा कायद्यातला आधार तो हा.

टेक्ससची व्याख्या आखूड आहे: पकडणं, सापळ्यात धरणं, मारणं किंवा तसा प्रयत्न. मारण्यासाठी मागे लागणं तिथेही येतं, पण मदत हा वेगळा शब्द या व्याख्येत नाही. खासगी रँचवर ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोपटात, मित्राशेजारी दुर्बीण घेऊन बसलेला पाहुणा हे टेक्ससमधलं नेहमीचं चित्र आहे.

इलिनॉयमध्ये नियम जमिनीनुसार बदलतो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या जमिनींवर हरणांचा हाका घालायलाच, म्हणजे त्यांना उठवून बंदूकवाल्यांकडे हाकायलाच, बंदी आहे, आणि भाग घेणारा सशस्त्र असो वा निःशस्त्र, नियम दोघांनाही लागू.

विस्कॉन्सिनबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज ऐकू येतात, कारण तिथे ग्रुप हंटिंग कायदेशीर आहे. बंदुकीच्या हंगामात एकाने दुसऱ्याच्या टॅगवर (लायसन्सबरोबर मिळणारी, मारलेल्या हरणाच्या नोंदीची चिठ्ठी) हरीण मारलेलं चालतं. पण गटातल्या प्रत्येकाकडे स्वतःचं हरणाचं लायसन्स हवं. शिवाय गोळी झाडताना ज्याच्यासाठी हरीण मारलं तो माणूस नजरेच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात हवा. फोन, वॉकीटॉकी चालत नाही. आवाज वाढवणारं एकच यंत्र चालतं, कानाचं मशीन. म्हणजे बायकोच्या नावावर लायसन्स काढायचं, तिला घरी ठेवायचं आणि आपण दोन हरणं मारायची, हा प्लॅन बेकायदा आहे. लायसन्स नसलेला पाहुणा तर त्या गटात मोजलाच जात नाही.

पायरी ३: 'मदत' म्हणजे नेमकी कुठली कामं, ते लिहून काढा

"मदत करता येईल का?" या प्रश्नाला उत्तर नाही. "पहाटे गाडी चालवता येईल का?" याला आहे. म्हणून कामं सुटी करा.

बहुतेक सगळीकडे निर्धोक असलेली कामं म्हणजे कॅम्पवरचा स्वयंपाक, लाकडं फोडणं, पहाटे चारला कॉफी करणं, पार्किंगपर्यंत सोडणं-आणणं, गप्प बसून बघणं, आणि हरीण मेल्यावर, शिकाऱ्याने टॅग लावल्यावर ते ओढणं, सोलणं, कापणं. हे शेवटचं काम हलकं समजू नका. आतडी काढल्यावरही उत्तरेकडचा मोठा नर साठ-पासष्ट किलो भरतो, आणि तो नेहमी उताराच्या तळाशीच जाऊन पडलेला असतो.

मग येतात कुंपणावरची कामं. सगळ्यात फसवं म्हणजे कुजबुज. तुम्ही शेजारी बसलात, मित्र उजवीकडे बघतोय, तुम्हाला डावीकडे दोन माद्या दिसल्या आणि तुम्ही त्याच्या बाहीला हात लावलात. टेक्ससमध्ये याचं कुणाला काही वाटणार नाही. पेनसिल्वेनियाच्या व्याख्येत ही मदत झाली. नराला भुलवायला ग्रंट कॉल फुंकणं, शिंगांवर शिंगं घासून झुंजीचा आवाज काढणं, आदल्या आठवड्यात मका टाकून येणं, ही कामं तर सरळ शिकारीचीच अंगं आहेत. मका टाकणं टेक्ससच्या खासगी जमिनीवर सर्रास चालतं, पेनसिल्वेनियात बहुतेक ठिकाणी बंद आहे.

हाका हा सगळ्यात मोठा प्रश्न, कारण 'मदतीला ये' म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा तोच असतो. पाच-सहा जण एका रांगेत, एकमेकांपासून पन्नासेक पावलांवर, झुडपांतून आवाज करत चालतात. पलीकडच्या टोकाला बंदूकवाले थांबलेले असतात. हाकाऱ्याच्या हातात काही नसतं, म्हणून त्याला लायसन्स कशाला, असं वाटतं. पण हरणाला उठवून बंदुकीसमोर आणणारा तोच. पेनसिल्वेनिया आणि न्यूयॉर्कच्या व्याख्यांत तो नेमका बसतो. कायदा बाजूला ठेवला तरी, रान न ओळखणाऱ्या नवख्या माणसाने गोळ्यांच्या दिशेने चालत जाणं मला पटत नाही. लायसन्सशिवाय हाक्याला जाऊ नका. राज्य कुठलंही असो.

जखमी हरणाचा माग हाही असाच. गोळी लागून हरीण पळालं की हंगामाचा सगळा उत्साह या एका कामावर येतो, आणि जास्तीचे डोळे खरंच उपयोगी पडतात. गुलाबीसर, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असणार. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत. हिरवट, घाण वास येणारं म्हणजे पोट, आणि मग आठ-बारा तास थांबणंच शहाणपणाचं. तुम्ही मागे राहून प्रत्येक थेंबापाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत गेलात तर माग चुकत नाही. पण हरीण अजून जिवंत असेल, तर माग काढणं पेनसिल्वेनियात शिकारच आहे. तिथे तुम्ही थांबा, मित्राला जाऊ द्या, हरीण मेलेलं सापडल्यावर फोन येईल. न्यूयॉर्कमध्ये पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने माग काढणाऱ्यांना वेगळं लायसन्स मिळतं, आणि असे हौशी लोक बोलावल्यावर येतात. नवख्या पाच मित्रांपेक्षा तो एक कुत्रा बरा.

काही कामांना सरळ नाही म्हणा. रात्री गाडीतून सर्चलाइट मारणं, कारण त्यात ड्रायव्हरही आरोपी होतो. डोंगरावरून रेडिओवर शिकाऱ्याला दिशा सांगणं, माँटानासारख्या राज्यात यावर बंदी आहे. आणि ड्रोन. मिशिगनने २०१५ मध्येच ड्रोनच्या मदतीने शिकार करण्यावर बंदी घातली, आणि नुसतं मेलेलं हरीण शोधायला ड्रोन वापरू द्या म्हणून तिथे कोर्टकज्जाही झाला. आपल्या लोकांकडे ड्रोन असतोच आणि तो दाखवायची हौसही असते. घरी ठेवा.

आणखी एक: पैसे घेऊ नका. रान दाखवण्याचे किंवा सोबत करण्याचे पैसे घेतलेत की न्यूयॉर्क, कोलोरॅडो अशा राज्यांत गाइड किंवा आउटफिटरचे (पैसे घेऊन शिकारीची सोय करून देणाऱ्यांचे) वेगळे नियम लागतात.

पायरी ४: जमीन आणि नारिंगी कपडे

जमीन खासगी असेल तर मालकाची परवानगी मित्राला आहे की तुम्हालाही, हे विचारा. लेखी असेल तर उत्तम. सरकारी असेल तर शिकार न करणाऱ्यालाही परमिट लागतं का ते बघा.

नारिंगी कपड्यांचा नियम बऱ्याच ठिकाणी सोबत्यालाही लागू असतो. न्यूयॉर्कमध्ये २०२१ पासून बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्यालाच नव्हे, त्याच्याबरोबरच्या माणसालाही झळाळता नारिंगी किंवा गुलाबी रंग घालावा लागतो. टेक्ससच्या सार्वजनिक शिकारजमिनींवर सोबत्यानेही ४०० चौरस इंच नारिंगी घालायचा, त्यातला १४४ छातीवर आणि १४४ पाठीवर, शिवाय डोक्यावर नारिंगी. पेनसिल्वेनियाच्या स्टेट गेम लँड्सवर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात नुसतं फिरायला आलेल्यालाही २५० चौरस इंच लागतो. विस्कॉन्सिनमध्ये कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी निम्मा भाग नारिंगी किंवा गुलाबी हवा. गुलाबीला पहिल्यांदा मान्यता देणारं राज्य तेच, २०१६ मध्ये.

नियम नसला तरी घाला. वॉलमार्टमध्ये जॅकेट स्वस्तात मिळतं. पांढरी टोपी आणि पांढरा रुमाल मात्र घरी ठेवा, कारण पळणाऱ्या व्हाइटटेल हरणाची वर उचललेली शेपटी पांढरीच दिसते.

पायरी ५: वॉर्डनला आधी लेखी विचारा

वॉर्डन म्हणजे राज्याचा शिकारीचे नियम बघणारा अधिकारी. मित्राचे काका काय म्हणाले याला किंमत नाही. पेनसिल्वेनिया गेम कमिशन, विस्कॉन्सिनचं डीएनआर, न्यूयॉर्कचं डीईसी, टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ, या सगळ्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांना ईमेल करता येतो. दोन-तीन आठवडे आधी पाठवा, हंगामाच्या आदल्या दिवशी त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

मजकूर असा ठेवा: कुठली काउंटी, कुठली तारीख, जमीन खासगी की सरकारी, मित्राकडे कुठलं लायसन्स, तुमच्याकडे काहीच नाही. मग कामं एकेका ओळीत: ब्लाइंडमध्ये शेजारी बसणं, हरीण दिसल्यास सांगणं, जखमी हरणाच्या मागावर चालणं, मेलेलं हरीण ओढणं, गाडीतून नेणं. प्रत्येक ओळीला हो की नाही, असं विचारा. उत्तराचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, कारण रानात नेटवर्क नसतं.

पायरी ६: त्या दिवशी

टॅग ज्याचा त्यानेच भरायचा. थंडीने मित्राची बोटं गारठली म्हणून तुम्ही पेन हातात घेऊ नका. टॅगिंग होईपर्यंत हरीण जागेवरून हलवू नका.

वॉर्डन आला तर घाबरायचं कारण नाही, तो रोज अशा शंभर जणांना भेटतो. लायसन्स मागेल. "माझ्याकडे नाही, मी शिकार करत नाहीये, याच्याबरोबर आलोय," एवढं खरं आणि सरळ सांगा. सकाळपासून काय केलंत ते विचारलं तर तेही खरंच सांगा. तिसऱ्या पायरीवर नीट विचार केला असेल तर लपवायला काही उरत नाही. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा, म्हणजे आपल्यासाठी बहुधा आय-९४, जवळ ठेवायचा असतो. तो घ्या.

मित्राने काही चुकीचं केलं, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या जमिनीत घुसला किंवा अंधार पडल्यावर गोळी झाडली, तर तुम्ही तिथून निघा. टॉर्च धरून उभे राहिलात तर लायसन्सचा मुद्दा मागे पडतो आणि तुम्ही गुन्ह्यातले साथीदार होता. जवळजवळ सगळी राज्यं एका आंतरराज्य करारात आहेत, त्यामुळे एका ठिकाणी शिकारीचा हक्क गेला की बाकीच्या ठिकाणीही जाऊ शकतो.

पायरी ७: मटण घरी नेताना

आपल्याकडे खरा रस इथे असतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून केलेला व्हेनिसनचा रस्सा एकदा खाल्ला की पुढच्या वर्षी आमंत्रणाची वाट बघितली जाते. शिकार केलेलं मटण विकता येत नाही, भेट देता येतं. पण भेटीलाही कागद लागतो. टेक्ससमध्ये हरणाचा कुठलाही भाग मारणाऱ्याखेरीज दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर सोबत वाइल्डलाइफ रिसोर्स डॉक्युमेंट हवा: मारणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, लायसन्स नंबर, घेणाऱ्याचं नाव, काय दिलं, कधी, कुठे मारलं. हाताने लिहिलेलाही चालतो. न्यूयॉर्कमध्ये शिकाऱ्याशिवाय दुसरा कुणी हरीण नेत असेल तर दोघांची नावं असलेला वेगळा टॅग त्यावर हवा.

राज्याची सीमा ओलांडणार असाल तर दोन गोष्टी बघा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या आजारामुळे बऱ्याच राज्यांत दुसरीकडून आणलेल्या हरणाचा मेंदू आणि पाठीचा कणा आणायला बंदी आहे, म्हणून हाडं काढून फक्त मांस न्या. आणि १९०० पासून लागू असलेल्या लेसी कायद्यानुसार बेकायदा मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्यात नेणं हा फेडरल गुन्हा आहे. मित्राने नियम पाळले की नाही हे तुमच्या डिकीपर्यंत येतं ते असं.

शिंगं भारतात न्यायचा विचार सोडा. वन्यप्राण्यांचे अवयव प्रवाशाने सामानातून आणायला भारतीय कस्टम्सची मनाई आहे.

आणि लायसन्स काढायचंच ठरलं तर

पेनसिल्वेनियात रहिवाशाचं साधं लायसन्स २१ डॉलरच्या आत येतं. टेक्ससमध्ये रहिवाशाचं २५ डॉलर, बाहेरच्याचं ३१५. रहिवासी म्हणजे नागरिक नव्हे. विस्कॉन्सिन ३० दिवसांचं, टेक्सस सहा महिन्यांहून जास्त वास्तव्य मागतं. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात, तो फेडरल कायद्यामुळे; एच-४ वर तो नसेल तर ऑनलाइन झटत बसू नका, काउंटरवर जाऊन विचारा.

आधी हंटर एज्युकेशन लागतं. पेनसिल्वेनियात पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्या प्रत्येकाला, विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना, टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ पासून पुढे जन्मलेल्यांना. विस्कॉन्सिनमध्ये कोर्सशिवाय मेंटॉर्ड लायसन्सही मिळतं, पण मग मेंटॉर, म्हणजे सोबतचा अनुभवी शिकारी, हाताच्या अंतरावर हवा. बऱ्याच राज्यांत प्रौढांना कोर्स पूर्ण ऑनलाइन करता येतो आणि एका राज्याचं प्रमाणपत्र दुसरीकडे चालतं. प्रत्यक्ष वर्गाला बसायचं असेल तर ऑगस्टमध्येच नाव घाला, ऑक्टोबरात जागा उरलेल्या नसतात.